धम्मकलाडू आणि कलम ८९

मराठीत मार हा खाण्याचा पदार्थ आहे. तो कधी धम्मकलाडू होतो, कधी चापटपोळी. धपाटा तर ताटातही पडतो आणि पाठीतही. अंमळ जास्त झाला की 'प्रसाद मिळाला' असे म्हणावयाचे, आणि अगदीच हद्द झाली की चौदावे रत्न! शिक्षेला एवढी गोडधोड नावे देणाऱ्या समाजात आईबापांच्या मारावर कायद्याने बंदी घालण्याची गोष्ट निघाली, तर तरुण मुलेच प्रथम हसतात, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

राहाता तालुक्यात या भावनेला आणखी एक पदर आहे. शिर्डी याच तालुक्यातली. गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या ओवीबद्ध 'साईसच्चरिता'त बाबांचा सटका, त्यांचा कोप आणि त्यांचे माउलीपण शेजारीशेजारी नांदतात. भक्ताला त्यात विसंगती दिसत नाही. श्रद्धेच्या प्रांतात तिचा न्याय वेगळा, त्यात आम्ही शिरत नाही. परंतु कोप म्हणजेच कृपा हा अर्थ देवळातून घरात आला, की बापाच्या हातालाही तेच पावित्र्य चिकटते.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला त्याची आई मारून बाहेर काढते, आणि मग लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून मारले, अशी त्याची समजूत घालते. हा प्रसंग सांगतो तो मार खाणारा पोर नव्हे, मोठा झालेला, कृतज्ञ श्याम. 'मार खाल्ला म्हणूनच घडलो' हे आजच्या विशीतल्या मुलांचे वाक्य त्याच घराण्यातले. त्यात मुख्यतः आईबापांचा बचाव असतो. मार चुकीचा होता असे म्हणावे, तर ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागते. एवढी किंमत कोण मोजील?

त्याच काळात ताराबाई मोडक निराळे सांगत होत्या. गिजुभाई बधेका आणि त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. भय आणि शिक्षा यांवाचून मूल शिकते, हा त्या चळवळीचा पायाच होता. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, पण आमच्या मते घराघरांत पोहोचली ती श्यामची आई; ताराबाई बालवाडीच्या दाराशीच थांबल्या.

कायदाही तसाच थांबला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ८९ ने, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला काही मर्यादा घालून संरक्षण दिले. शाळेतली छडी पुढे मोडली: दिल्ली उच्च न्यायालयाने २००० साली तिथल्या नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली, आणि शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने १ एप्रिल २०१० पासून देशभर मनाई झाली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने बालगृहांतही ती दंडनीय ठरवली. क्रौर्य केले तर पालकालाही त्या कायद्याच्या कलम ७५ खाली शिक्षा होऊ शकते. पण साध्या चापटीला घरात स्पष्ट बंदी नाही. म्हणजे राहात्यातला एखादा शिक्षक वर्गात हात उगारील तर गुन्हेगार, आणि संध्याकाळी स्वतःच्या पोरावर उगारील तर वडील.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. कुटुंबात मार बसलेल्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आईबापच निघाले. हा आकडा वाचून घराला उंबरठा का असतो, असा प्रश्न पडतो.

स्वीडनने १९७९ साली जगात प्रथम घरातला मारही बेकायदा ठरवला. त्यासाठी वेगळी शिक्षा नेमली नाही. दुधाच्या पुडक्यांवर मजकूर छापून तो कायदा न्याहारीच्या टेबलावर नेला. (दुधाच्या पिशव्यांवर असे काही छापण्याची कल्पना आपल्या दूध संघांना सुचायला हरकत नाही!) आपल्या शेजारी नेपाळने २०१८ साली तेच केले. भारताने मात्र १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता बाजूला सारून भारतीय न्याय संहिता आणली, आणि इंग्रजांचे ते कलम ८९ तिच्यात कलम २७ म्हणून जवळजवळ जसेच्या तसे येऊन बसले.