पिकअपची मागची बाजू उंच का असते?

आजचा विषय एका प्रेक्षकाच्या पत्रातून आला. बंगळुरूचे एक मराठी गृहस्थ विचारतात, "नवी पिकअप घेतली आहे. थोडी उंच करायची आहे. पुढून किती आणि मागून किती करू?" वर्कशॉपवाला एक आकडा सांगतो, मित्र दुसरा सांगतात आणि व्हिडिओ पाहिले की तिसराच निघतो. मी मेकॅनिक नाही, जुन्या वाहनांचा इतिहास वाचणारा माणूस आहे. पण या प्रश्नाचं निम्मं उत्तर इतिहासातच आहे, म्हणून तो आज घेतो.

रस्त्यावर रिकामी बोलेरो पिकअप दिसली की बाजूने नीट बघा. मागची बाजू उचललेली असते, गाडी जणू नाक खाली घालून उभी आहे. तीच गाडी बाजार समितीतून कांद्याची पोती भरून निघाली की जवळजवळ सरळ होते. म्हणजे मागची ती उंची मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे.

ही सोय फार जुनी. १९२५ साली फोर्डने मॉडेल टी गाडीला मागे हौदा बसवून ती कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. तोवर शेतकरी मोटार घेऊन तिच्या मागे गावच्या सुताराकडून पेटी बसवून घेत. फोर्डने हौदा तर दिलाच, पण मागचे स्प्रिंगपाटेही जास्त दणकट दिले. मला यात महत्त्वाचे वाटतात ते पाटे. पुढचं वजन, म्हणजे इंजिन, कायम तेवढंच. मागचं वजन सकाळी शून्य, दुपारी अर्धा टन. तेव्हा पुढची आणि मागची उंची हे पहिल्यापासून दोन वेगळे निर्णय होते.

दुसरा टप्पा चार चाकांना ताकद देण्याचा. १९५० च्या दशकात मिनियापोलिसची नॅपको ही कंपनी शेव्हरोले आणि जीएमसीच्या साध्या पिकअपला पुढचा चालता ॲक्सल बसवायचं किट विकत असे. पुढच्या ॲक्सलला खाली जागा हवी, म्हणून गाडी उंच होई. ही उंची गरजेपोटी आली होती. १९५७ पासून शेव्हरोलेने हे कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली, १९५९ मध्ये फोर्डनेही चार चाकी ओढीची पिकअप काढली. पुढे हौस आली. सेंट लुईसच्या बॉब चँडलर यांनी १९७४ ची फोर्ड एफ-२५० वाढवत वाढवत नेली, तिचंच नाव 'बिगफूट'. ती गाड्यांवर चढून त्या चिरडू लागली आणि उंच पिकअप हा तमाशा झाला.

या साऱ्या गाड्यांना पुढेही अखंड ॲक्सल होता, त्यामुळे उंची वाढवणं त्या मानाने सरळ काम. गुंतागुंत झाली ती पुढची दोन चाकं स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागल्यावर. टोयोटाच्या चार चाकी हायलक्समध्ये हा बदल १९८० च्या दशकाच्या मध्यात आला, जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअपमध्ये १९८८ च्या सुमारास. आराम वाढला. पण अशा गाडीत पुढच्या शॉकच्या डोक्यावर एक इंचाची चकती घातली तर गाडी एक इंच उचलत नाही, बहुधा दोनच्या आसपास उचलते. शॉक खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेला असतो आणि चाक टोकाला. शिवाय चाकाकडे ताकद नेणारे शाफ्ट तिरके होतात, त्यांचे सांधे लवकर झिजतात. म्हणून पुढे दोन-अडीच इंचांवर जायचं तर नुसत्या चकतीवर भागत नाही, बाकीचे भागही बदलावे लागतात.

मागे अजून पाटेच आहेत, १९२५ सारखे. तिथे पाटा वाढवा, पाटा आणि ॲक्सलमध्ये ठोकळा घाला, किंवा शॅकल लांब करा. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी साधारण एकच इंच उचलते. ठोकळ्यावर ठोकळा मात्र कधीच नको.

आता हिशेब बघा. समजा रिकाम्या गाडीची मागची बाजू दोन इंच उंच आहे. पुढे दोन इंच उचलले आणि मागे काहीच केलं नाही, तर गाडी सपाट दिसते, फोटो छान येतो. पण हौद्यात सामान पडताच मागची बाजू बसते, नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. त्याऐवजी पुढे अडीच आणि मागे दीड केलं तर एक इंच शिल्लक राहतो. माल नेहमी वाहणाऱ्याने ती शिल्लक संपवू नये असं माझं मत आहे.

उलट्या टोकाला काय होतं, हे अमेरिकेतल्या कॅरोलायना राज्यांनी पाहिलं. तिथे तरुणांनी पुढची बाजू भरपूर उंच आणि मागची जमिनीकडे झुकलेली अशी फॅशन काढली, तिला 'कॅरोलायना स्क्वॉट' म्हणतात. तिचं मूळ बाहाच्या वाळवंटी शर्यतींत आहे असं सांगतात. तिथल्या गाड्या उडी मारून खाली येताना मागची चाकं आधी टेकलेली बरी. शहरात मात्र अशा गाडीच्या बॉनेटपुढचा रस्ता चालकाला दिसतच नाही. १ डिसेंबर २०२१ पासून नॉर्थ कॅरोलायनात पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच असेल तर ती गाडी रस्त्यावर चालवायला बंदी झाली. २०२२ मध्ये एका जीवघेण्या अपघातानंतर व्हर्जिनियाने, आणि २०२३ मध्ये साउथ कॅरोलायनाने तसाच कायदा केला. गंमत बघा, हा चार इंचांचा नियम एकाच दिशेने आहे. मागची बाजू उंच असण्याला त्याने हात लावला नाही.

आपल्याकडे प्रश्न इंचांच्या आधीच सुरू होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्यामुळे बंगळुरूच्या पत्रलेखकांनी चकती विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारावं. दावा नाकारला गेल्यावर वर्कशॉपवाला सोबत येत नाही.

आणि तोवर एक काम घरीच करता येईल. सपाट जागी गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा आणि जमिनीपासून चाकाच्या मध्यावरून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी टेप लावा. एकदा गाडी रिकामी असताना, एकदा नेहमीचं सामान आणि माणसं बसवून. ते आठ आकडे मला पाठवा.