कऱ्हाडचे भौगोलिक स्थान आणि औद्योगिक विकास

कृष्णा व कोयना यांच्या संगमावर वसलेल्या कऱ्हाडचे महत्त्व फार जुने आहे. भारहुत येथील स्तूपावरील दानलेखांत येणारे ‘करहकट’ ते हेच, असे विद्वान मानतात. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारा मार्ग आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणच्या खाडीकडे उतरणारा मार्ग येथे एकमेकांस मिळतात. देशावरील धान्य व गूळ आणि कोकणातील मीठ यांची देवघेव होण्यास हे स्थान सर्वथा अनुकूल होते. तथापि पेठेच्या व कारखान्याच्या गरजा भिन्न असतात. उत्तम पेठ असलेल्या गावी कारखाने निघतातच असे नाही. कऱ्हाडचा इतिहास याची साक्ष देतो.

१८९० च्या सुमारास पुणे-मिरज हा मीटरमापी लोहमार्ग पुरा झाला. तो कृष्णेच्या पूर्वेकडून गेल्यामुळे कऱ्हाडचे स्थानक गावापासून काही किलोमीटर दूर, नदीपलीकडे पडले. पुढील कारखानदारी गावाकडे न येता या लोहमार्गालगत वसली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला नांगरांचा कारखाना बेळगावहून कुंडल रोड स्थानकाजवळ आणला. १९१६ साली कऱ्हाड स्थानकालगत ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला व ‘प्रभाकर’ कंदिलामुळे ओगलेवाडीचे नाव घरोघर पोहोचले. भट्टीला लागणारा कोळसा दुरून आणावयाचा आणि काचेसारखा नाजूक माल दूरवर पाठवावयाचा, अशा धंद्यास स्थानकाचे सान्निध्य अपरिहार्यच होते.

मात्र लोहमार्गावर स्थानके पुष्कळ होती. कारखाने थोड्याच ठिकाणी निघाले. या भेदाचे कारण नकाशात सापडत नाही. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी किर्लोस्करांना जमीन व कर्ज दिले. ओगले बंधूंनाही त्यांचे साहाय्य लाभले. स्थानाने संधी दिली, परंतु तिचा उपयोग झाला तो राजाश्रय व उद्योजकाचे साहस यांच्या योगाने. शिवाय लोहमार्गाचा लाभही मर्यादितच होता. पुण्यास माप बदलत असल्याने मुंबईकडील माल तेथे उतरवून पुन्हा भरावा लागे. ही अडचण १९७० च्या सुमारास रुंदमापी मार्ग झाल्यावर दूर झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात संस्थानिकाची जागा शासनाने व सहकाराने घेतली. रेठरे बुद्रुक येथे कृष्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९६२ साली कोयनेची वीज निर्माण होऊ लागली; त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे महामंडळाची तासवडे येथील वसाहत पुणे-बंगळूर महामार्गालगत वसली. लोहमार्गाचे आकर्षण ओसरून रस्त्याचे वाढल्याचे हे लक्षण होय.

ओगलेवाडीचा काचकारखाना पुढे बंद पडला. स्थानक व लोहमार्ग मात्र आजही तेथेच आहेत. केवळ दळणवळणाच्या सोयीने उद्योग जन्मत नाहीत व टिकतही नाहीत. जमीन, भांडवल, वीज व बाजारपेठ यांची जोड मिळेल तेव्हाच स्थानाचे मोल प्रत्ययास येते.