'नो स्पेंड' महिना: काय थांबवायचं, काय नाही?

दवाखान्याचं बिल आलं किंवा शाळेची फी तोंडावर आली, की महिनाभर हात आखडता घ्यावा लागतो. सोशल मीडियावर याला 'नो स्पेंड' चॅलेंज म्हणतात.

घरभाडं, ईएमआय एका महिन्यात कमी होत नाहीत. कात्री लागते ती हॉटेल आणि ऑनलाइन खरेदीला. पण सुरुवात करावी ऑटोपेपासून. ओटीटी, म्युझिक अ‍ॅपचे पैसे आपोआप कटतात. एकदा परवानगी दिली, की 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी किंवा पिन लागत नाही. पैसे कटण्याच्या 24 तास आधी सूचना येते खरी, पण ती वाचतं कोण? यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' उघडून नको ते मॅन्डेट रद्द करता येतात.

किराणा पुढे ढकलून पुढच्या महिन्यात दुप्पट भरला, तर हाती काहीच उरत नाही.

आरोग्य विम्याचा हप्ता मात्र चुकवू नये. वाढीव मुदत मासिक हप्त्याला 15 दिवस, वार्षिक हप्त्याला 30 दिवसच असते. क्रेडिट कार्डचं फक्त 'मिनिमम ड्यू' भरणं सर्वांत महाग: थकबाकीवर व्याज लागतंच, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.