कोप्पमची लढाई

कोप्पमची लढाई : (इ. स. १०५४, काहींच्या मते १०५२–५३). कल्याणीचा चालुक्य राजा पहिला सोमेश्वर आहवमल्ल आणि चोळ सम्राट राजाधिराज यांच्यातील युद्ध. राजाधिराज यात रणांगणावरच पडला.

दोन्ही घराण्यांचे वैर वेंगीच्या गादीवरून पेटले होते. राजाधिराजाने पूर्वी कल्याणी लुटली होती. तिथून नेलेली द्वारपालाची मूर्ती, विजयाच्या तमिळ लेखासह, पुढे दारासुरमच्या मंदिरात सापडली.

चोळ लेखांत कोप्पम हे मोठ्या नदीच्या काठचे तीर्थ म्हटले आहे. अभ्यासक फ्लीट यांनी ते मिरजेच्या दक्षिणेस, शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी असलेले खिद्रापूर मानले. तिथला देव कोपेश्वर. काही अभ्यासक मात्र कर्नाटकातील कोप्पळकडे बोट दाखवतात. लढाईनंतर चोळांनी कोल्हापुरात जयस्तंभ उभारल्याचे त्यांचेच लेख सांगतात. हे ध्यानी घेता खिद्रापूरचा पक्ष अधिक सबळ वाटतो. कऱ्हाड–मिरज–कोल्हापूर हा मुलूख तेव्हा चालुक्यांच्या छत्राखाली होता.

चालुक्यांनी राजाधिराजाच्या हत्तीवर मारा एकवटला आणि राजा अंबारीतच ठार झाला. पुढील चोळ लेखांत त्याचा उल्लेख 'हत्तीवर देह ठेवलेला राजा' असा येतो. सेना मोडू लागली, तेव्हा धाकटा भाऊ दुसरा राजेंद्र पुढे सरसावला. बाणांनी त्याच्या हत्तीचे गंडस्थळ आणि त्याची स्वतःची मांडी जखमी झाली, तरी तो हटला नाही. सोमेश्वराचा भाऊ जयसिंह मारला गेला, हत्ती व राण्या चोळांच्या हाती लागल्या आणि राजेंद्राने रणभूमीवरच राज्याभिषेक करून घेतला. यापूर्वी १०३० मध्ये स्टिकलेस्टाडला नॉर्वेचा ओलाफ आणि पुढे १०६६ मध्ये स्टॅम्फर्ड ब्रिजला हाराल्ड हार्डराडा असेच लढताना पडले. त्या दोन्ही लढाया त्यांच्या पक्षाने गमावल्या. कोप्पमला वारस त्याच मैदानात उभा होता, हा फरक निर्णायक ठरला.

हा तपशील मुख्यतः विजेत्यांच्या प्रशस्तींतला आहे, हे विसरू नये. अण्णिगेरीचा १०७१ सालचा चालुक्यपक्षीय लेख वेगळेच सांगतो : देवळे जाळणाऱ्या चोळाने आपले शिर आहवमल्लाला दिले. चोळांना चालुक्यांच्या मुलखात एक गावही राखता आले नाही. वैर पुढे कूडलसंगमच्या लढाईपर्यंत चालले. सोमेश्वराने १०६८ मध्ये कुरुवत्तीला तुंगभद्रेत जलसमाधी घेतली.