लिओची भाषा

लंडनभर चहाची दुकाने चालवणाऱ्या जे. लायन्स कंपनीने केंब्रिजच्या एडसॅक संगणकाच्या धर्तीवर स्वतःसाठी ‘लिओ’ बांधला. १९५१ साली तो बेकरीच्या मालाचा हिशेब करू लागला, पुढे पगारपत्रकेही. १९५२ मध्ये तिथे आलेल्या मेरी कूम्ब्स फ्रेंचच्या पदवीधर. ‘लिओ २’ आणि ‘लिओ ३’ यांच्या भाषा वेगळ्या. जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रासाठी पुन्हा लिहिणाऱ्यांत त्या होत्या. ब्रिटिश टपाल खात्यातले शेवटचे लिओ १९८१ साली थांबले. यंत्रांचा इतिहास सहसा सुट्या भागांचा लिहिला जातो. मी अनुवादक, मला त्यात या पुनर्लेखनाचे पान हवे. यंत्र बदलले तरी पगार वेळेवर निघायचा, तर जुन्या भाषेतले काम कुणीतरी नवीत आणावेच लागते.