जगमंदिर

राजस्थानातील उदयपूर येथील पिचोला सरोवराच्या दक्षिण भागातील एक छोटे बेट व त्यावरील महाल. बांधकाम मुख्यतः मेवाडचा महाराणा कर्णसिंह (कार. 1620–28) याने करवले, पुत्र जगतसिंह पहिला (कार. 1628–52) याने ते पूर्ण केले व त्याचेच नाव बेटाला मिळाले. धक्क्यावरील दगडी हत्ती नावेतूनच दिसतात. घुमटाचा गोल महाल, ज्याला गुल महालही म्हणतात, ही येथील सर्वांत महत्त्वाची वास्तू.

बेटाची कीर्ती शाहजादा खुर्रम (पुढे शाहजहान) याच्यामुळे झाली. मेवाडला मोगलांशी तह करायला लावणारी 1615 ची मोहीम त्याचीच. जहांगीरविरुद्ध बंड फसत गेल्यावर, 1623 च्या सुमारास, त्याला आसरा मिळाला तोही मेवाडातच, याच बेटावर. कर्णसिंहाचा भाऊ भीमसिंह याने तर खुर्रमच्या बाजूने लढताना 1624 मध्ये प्राण दिले. शाहजादा व राणा यांनी पगड्यांची अदलाबदल करून भाऊपण जोडले, असे परंपरा सांगते. खुर्रमची ती पगडी उदयपुरात जपून ठेवल्याची नोंद जेम्स टॉडने केली आहे. जहांगीर 1627 मध्ये वारला तेव्हा खुर्रम जुन्नरला होता. तेथून गुजरातमार्गे आग्र्याला जाताना तो मेवाडात थांबला आणि गोगुंद्याला कर्णसिंहाने त्याची भेट घेतली. गुल महालावरूनच ताजमहाल सुचला, असे वाटाडे हमखास सांगतात. ते पटण्याजोगे नाही. ताजच्या घडणीचा माग दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यात अधिक स्पष्ट दिसतो.

शेजारच्या जगनिवास बेटाची आख्यायिकाही येथूनच निघते. राजपुत्र जगतसिंह (दुसरा) याला जगमंदिरात चांदण्या रात्रीची मेजवानी करायची होती. वडिलांनी परवानगी नाकारली आणि हवा तर स्वतःचा महाल बांध, असे सुनावले. गादीवर आल्यावर त्याने खरोखरच बांधला. 1746 मध्ये तो पुरा झाला.

जून 1857 मध्ये नीमचच्या छावणीत उठाव झाला. तेथून निसटलेल्या युरोपीय कुटुंबांना महाराणा स्वरूपसिंहाने जगमंदिरात ठेवले. त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू नये म्हणून त्याने गावातील नावा मोडून टाकल्या, असे सांगतात. राजकारण बाजूला ठेवले, तरी शरणागताला पाठीशी घालण्याची मेवाडची रीत या बेटाने दोनदा पाळली, हे मान्य करावे लागते.

बेटावर आजही नावेनेच जावे लागते.