लाईटसकट किरायाचा हिशेब

बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजी-वारासिवनीकडची पोरं शिकायला नाहीतर नोकरीला नागपूर-गोंदियाला निघाली, की घरची माणसं बजावून सांगतात: रूम लाईटसकट पाहा. महिन्याला एक ठरलेली रक्कम, मागून कटकट नाही. हे मत इतकं रुजलं आहे की कागद-पेन घेऊन कोणी ते तपासत नाही. मला ते साफ चुकीचं वाटतं, आणि त्याची झळ धानाच्या पैशावर पोराला शिकवणाऱ्या घरालाच बसते.

पूर्वपक्ष कच्चा नाही. लेव्हिन्सन आणि निमन या अर्थशास्त्रज्ञांनी 2004 साली अमेरिकेतल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऊर्जेचा खर्च धरून दिलेल्या घरांचं भाडं जास्त असतं, पण ती वाढ वापरलेल्या ऊर्जेच्या किमतीपेक्षा कमी भरते, असं त्यांना आढळलं. म्हणजे फायदा भाडेकरूचा.

पण तिथे घर किती तापवायचं हे भाडेकरू ठरवतो. आपल्याकडे खोली दाखवतानाच अटी सांगितल्या जातात: हीटर नाही, इंडक्शन नाही, कूलर लावला तर वेगळे पैसे. साधा कूलर दीड-दोनशे वॅटचा. रात्री दहा तास चालला तर महिन्याला पंचेचाळीस ते साठ युनिट जातात. खरी वीज खाणारी वस्तू अशी आधीच बाहेर काढली जाते. मग ‘लाईटसकट’मध्ये उरतं काय? एक पंखा, एक ट्यूबलाईट आणि मोबाईलचं चार्जिंग, फार तर तीस-पस्तीस युनिट. रोवणीला, दिवाळीला पोरगा गावी जातो, खोलीला कुलूप असतं, तरी त्या महिन्याची ‘लाईट’ किरायात भरावीच लागते.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 युनिटांपर्यंत एक, 101 ते 300 ला दुसरा, आणि हा दुसरा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. एका घरात पाच किरायेदार, कधीमधी चालणारा कूलर धरून प्रत्येकाचा वापर 60 युनिट, असं धरा. मीटर वेगळे असते तर पाचही जण पहिल्याच टप्प्यात राहिले असते. एकाच मीटरवर बेरीज 300 होते आणि त्यातली 200 युनिटं चढ्या दराची ठरतात. वेगळ्या मीटरचा स्थिर आकार पाच वेळा भरावा लागेल हे खरं, पण तो धरूनही पाचांचं मिळून बिल कमीच येतं. हा जादा खर्च घरमालक पदरचा भरत नाही, तो किरायातच येतो. काटकसरीने राहणाऱ्याला त्याच्या काटकसरीचा एक रुपयाही परत मिळत नाही.

याच पोराच्या गावच्या घरी मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेत 150 युनिटांपर्यंत वापर असला तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. कमी वापरलं तर कमी भरायचं, हे त्याची आई बिल पाहून जाणते. शहरात आल्यावर ते बिलच तिच्या पोराच्या नजरेआड जातं.

‘मालक मीटर लावू देत नाही, मग करायचं काय?’ हा आक्षेप नेहमीचा. वीज कायदा 2003 च्या कलम 43 नुसार जोडणी मागण्याचा हक्क मालकाइतकाच जागेत राहणाऱ्याचाही आहे. मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात म्हटलं आहे. स्वतंत्र फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाने हा हक्क जरूर वापरावा.

एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतंत्र जोडणी मिळवणं अवघड, हे मी मान्य करतो. त्याने सबमीटर मागावा, राहायला येतानाच रीडिंगचा फोटो काढावा आणि मालकाच्या बिलात सरासरी जो दर पडतो त्याच दराने पैसे द्यावेत. ही अट लेखी करारात घालावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं.